तोळामासा प्रकृतीचं कपाट: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या कपाटाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे ते 118 खणांचं सागवानी कपाट ज्यात मी गेली अकरा वर्षं आवर्तसारणीतली मूलद्रव्यं जमवतोय, लोखंड, तांबं, गंधक, पारा असं करत करत 83 खण भरलेत. शेवटी आपलं गमतीत लिहून टाकलं की खिशात पैसे असते तर अजून काय काय घेतलं असतं. लोकांनी ते एकच वाक्य धरलं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, एकाने तर थेट कोटेशन पाठवलं. संपादकबाई म्हणाल्या, काका पुढचा लेख राहू द्या, आधी ह्या मंडळींना उत्तरं द्या. तर देतोय. मी केमिस्ट्रीवाला नाही, 34 वर्षं बँकेत कॅशला होतो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, त्यामुळे न परवडणाऱ्या गोष्टींकडे शांतपणे बघायची सवय आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन.

प्रश्न: जगातली सगळ्यात महाग वस्तू कोणती, आणि ती तुमच्याकडे का नाही? (एक वाचक, जळगाव)

अँटिमॅटर. मराठीत प्रतिद्रव्य. नासाच्या लोकांनी 1999 साली अंदाज काढला होता की एक ग्रॅम अँटिहायड्रोजनला 62.5 ट्रिलियन डॉलर पडतील, म्हणजे 625 लिहायचे आणि पुढे 11 शून्यं. मी त्याचे रुपये करायला गेलो तर कॅल्क्युलेटरने इंग्रजी ई दाखवून हात वर केले. बरं समजा तुम्ही शेत विकून पैसे आणलेच, तरी माल कुठाय? स्वित्झर्लंडच्या सर्न ह्या प्रयोगशाळेत आजवर जेवढं बनवलंय ते सगळं गोळा केलं तरी नॅनोग्रॅमचाच हिशोब, आणि ग्रॅमचे नॅनोग्रॅम शंभर कोटी होतात. तिसरी अडचण म्हणजे ठेवायचं कशात, कारण ते बाटलीला टेकलं की बाटली आणि ते दोघंही नाहीसे, आणि एक ग्रॅम जर असं नाहीसं झालं तर हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळपास तिप्पट स्फोट. आमच्या सोसायटीत साधं एसीचं आउटडोअर युनिट लावायला एनओसी मिळत नाही.

पण तुम्ही जळगावचे आहात म्हणून सांगतो, तुमच्या घरी अँटिमॅटर आहे. केळ्यात पोटॅशियम असतं, पोटॅशियममध्ये थोडंसं पोटॅशियम-40 असतं, ते किरणोत्सारी, आणि त्याचा एखादा अणू फुटताना क्वचित पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. एका केळ्यातून साधारण तास-दोन तासाला एक. डझनभर केळी टेबलावर ठेवली तर तासाला सात-आठ निघतात, लगेच शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटून संपतात, आणि आपण मात्र केळ्याचा भाव पडला म्हणून रडत असतो.

प्रश्न: आमच्या पाहुण्यांकडे जुनं तांब्याचं भांडं आहे, वीज पडलेलं. त्यात कॉपर इरिडियम आहे आणि ते तांदूळ ओढतं. एक पार्टी 50 कोटी द्यायला तयार आहे, फक्त टेस्टिंगचे 2 लाख आपण आधी भरायचे. तुमचं मत? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

दादा, भरू नका. भरले असतील तर पाहुण्यांना आणि पोलिसांना, ह्याच क्रमाने, फोन करा.

हे राइस पुलर प्रकरण म्हणजे मांडूळ, वीस नखी कासव आणि काळ्या हळदीचंच भावंड आहे, फक्त ह्याला सायन्सचा कोट घातलाय. तांब्याला चुंबक धरत नाही, इरिडियमलाही धरत नाही, आणि तांदूळ ओढणारा धातू आवर्तसारणीत कुठेच नाही, मी 118 खण बघून सांगतोय. तांदळाला लोखंडाचा कीस चोळायचा आणि भांड्याच्या बुडाशी चुंबक लपवायचा, झालं. वीज पडून तांब्याचं इरिडियम होत नाही, त्याला ताऱ्यांची टक्कर वगैरे लागते आणि तेवढं मोठं काही तुमच्या तालुक्यात झालं असतं तर आम्हाला साताऱ्यात कळलं असतं. मग ते लोक चंदेरी सूट घालून येतात, हातात टकटक वाजणारी डबी, नासाचं नाव घेतात. अहो ज्याला 50 कोटी द्यायचेत त्याने त्यातून 2 लाख कापून घ्यावेत ना!

पण मला फार शहाणपण शिकवता येत नाही कारण इरिडियमनेच मलाही चुना लावलाय. 77 नंबरच्या खणासाठी ऑनलाइन एकाकडून एक ग्रॅमचा मणी मागवला, बारा हजार दिले (बायकोला बाराशे सांगितले, आता छापून येतंय तर येऊ दे). मणी आला, चकचकीत, ज्वारीच्या दाण्याहून जरासा मोठा. मला का कोण जाणे शंका आली. आमच्या पेठेतल्या सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे, दुपारी गिऱ्हाईक नसताना गेलो. त्याने मण्याला एक बारीक दोरा बांधला, आधी हवेत वजन घेतलं, 1.000. मग पाण्याच्या वाटीत लोंबकळत सोडून घेतलं. आता हिशोब असा की इरिडियमची घनता 22.56, म्हणजे पाण्यात बुडवल्यावर एक ग्रॅम मण्याचं वजन 44 मिलिग्रॅमने कमी व्हायला पाहिजे, काट्यावर 0.956 यायला पाहिजे. आला 0.948. सराफ म्हणाला हवेचा बुडबुडा असेल, मणी पुसला, परत बुडवला, दोऱ्याला टिचकी मारली, परत 0.948. बावन्न मिलिग्रॅमची घट म्हणजे घनता 19 च्या वर, म्हणजे टंगस्टन, बल्बच्या तारेचा. टंगस्टन माझ्याकडे 74 नंबरच्या खणात आधीच होता, आठ आण्याच्या फ्यूज बल्बमधून काढलेला. सराफ काही बोलला नाही, चहा मागवला फक्त. सोन्यातही हीच ट्रिक चालते, सोनं आणि टंगस्टन दोन्हीची घनता 19.3, त्यामुळे बिस्किटाच्या पोटात टंगस्टन भरला तर पाण्यातली टेस्ट आंधळी होते.

विकणाऱ्याने नंतर मेसेज वाचले, निळे टिक आले, उत्तर आजतागायत नाही.

प्रश्न: कॅलिफोर्नियम 17 कोटी रुपये ग्रॅम आहे म्हणे. एक मित्र मिळवून देतो म्हणतो. खरं असेल का? (एक वाचक, ठाणे)

हा मित्र आणि सोलापूरकरांची पार्टी एकमेकांना ओळखत असणार.

17 कोटीचा आकडा कुठून आला तेही सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये बिहारच्या गोपालगंजला पोलिसांनी 50 ग्रॅम कॅलिफोर्नियम म्हणून एक दगड पकडला, पेपरात किंमत आली 850 कोटी, भागाकार करा. त्याआधी लखनौ, कोलकाता, तिथेही असेच शेकडो ग्रॅमचे दगड निघाले होते. आता मी संग्राहक आहे, मला कुणी 50 ग्रॅम कॅलिफोर्नियम म्हटलं की पहिले हसू येतं, मग हिशोब. कॅलिफोर्नियम-252 जगात दोनच ठिकाणी बनतं, अमेरिकेत ओक रिजला आणि रशियात दिमित्रोवग्रादला, तेही वर्षभर अणुभट्टी चालवून मिलिग्रॅममध्ये. साठवून ठेवावं म्हटलं तर अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मं होतं. एक मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला न दिसणारं, ते सेकंदाला 23 लाख न्यूट्रॉन फेकतं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग, ते स्वतःच्या जोरावर तापतं, ग्रॅमला 39 वॉटच्या आसपास. म्हणजे 50 ग्रॅम म्हणजे जवळजवळ 2000 वॉट. दादा, आपल्या बाथरूममधला गीझर 2000 वॉटचा असतो. तुमचा मित्र जर म्हणत असेल की माल त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, तर त्याला म्हणावं आधी आंघोळीचं पाणी तापवून दाखव.

ह्या दगडांचे भाव कोण ठरवतं हे मला कायम कोडं आहे. मे 2021 मध्ये मुंबईत एटीएसने 7 किलो युरेनियम पकडलं होतं, ते मात्र खरं निघालं, बीएआरसीने तपासून सांगितलं नैसर्गिक युरेनियम आहे. किंमत सांगितली 21 कोटी. त्या वेळी जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला 30 डॉलरच्या आगेमागे होता, त्या भावाने 7 किलोचे होतात पस्तीस हजार रुपये. शुद्ध धातू म्हणून वर थोडे धरा. म्हणजे एका बऱ्या मोबाइलच्या किमतीचा माल विकायला ती माणसं जेलमध्ये गेली, कारण 1962 च्या अणुऊर्जा कायद्याखाली परवान्याशिवाय तो ठेवणं, विकणं गुन्हाच. माझा 92 नंबरचा खण म्हणूनच रिकामा आहे आणि रिकामाच राहणार, पेन्शन बंद व्हायला नको.

प्रश्न: गुहागरच्या किनाऱ्यावर मेणासारखा राखाडी गोळा सापडलाय. व्हेलची उलटी असेल तर तुमच्या कपाटासाठी पाठवू का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

नको नको नको. एक तर ते मूलद्रव्य नाही. दुसरं, ते उलटीही नाही, स्पर्म व्हेल माखल्या खातो, त्यांच्या चोची पचत नाहीत, त्याभोवती आतड्यात हा गोळा तयार होतो, आणि बाहेर बहुतेक मागच्या दाराने येतो असंच मानतात. पेपरवाले सभ्यपणा म्हणून उलटी लिहितात. ताजा असताना काळा आणि वास असा की विचारू नका, वर्षानुवर्षं समुद्रात तरंगून, ऊन खाऊन राखाडी होतो आणि मग अत्तरवाले त्याच्यामागे लागतात. भारतात स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याचा गोळा ठेवणंही चालत नाही, विकणं तर सोडाच. वनखात्याला कळवा. दहातल्या नऊ वेळा तो पाम तेलाचा नाहीतर पॅराफिनचा गोळा निघतो असा माझा आपला अंदाज, पण तुम्ही तो हातात घेऊन फोटो काढून स्टेटसला ठेवला असेल तर आधी डिलीट करा.

प्रश्न: काका, मी तुमचं बघून गॅलियम मागवलं. एप्रिलमध्ये डबी उघडली तर पाणी! फसवलं का? (एक कॉलेजकुमार, नागपूर)

नाही रे, ते गॅलियमच आहे. 29.76 अंशाला वितळतं. परदेशात लोक ते तळहातावर घेऊन वितळवून दाखवतात आणि टाळ्या मिळवतात, नागपुरात त्याला तळहात लागत नाही. उलट घट्ट बघायचं असेल तर फ्रीजमध्ये ठेव, पण काचेत नको कारण गोठताना ते पाण्यासारखं फुगतं आणि काच फोडतं. आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात तर अजिबात नको, ॲल्युमिनियमला पोखरतं, आईचा डबा भुगा होईल आणि मग मला फोन येईल. तुमच्याकडे 45 अंश झाले ना, की गॅलियम, सिझियम (28.5), रुबिडियम (39.3), अगदी पांढरा फॉस्फरससुद्धा (44.15), सगळेच पाणी. विदर्भात आवर्तसारणीतले द्रव मोजायचे तर उन्हाळ्यात वेगळे आणि हिवाळ्यात वेगळे.

आणि तुझ्या डबीवर अभिमानाने लिहून ठेव, ह्या धातूचं आधीचं नाव अर्धं संस्कृत होतं. मेंडेलिव्हने 1871 मध्ये ॲल्युमिनियमच्या खालची जागा रिकामी ठेवून तिला एका-ॲल्युमिनियम म्हटलं, एका म्हणजे आपला संस्कृतातला एक, आणि चार वर्षांनी 1875 मध्ये तिथे गॅलियम सापडलं. रिकामा खण ठेवायची हिंमत मी त्याच्याकडूनच घेतली.

प्रश्न: येत्या डिसेंबरला भारतात येतोय, कपाटासाठी इथून काही आणू का? (एक कुटुंब, न्यू जर्सी)

तुमच्या छतावरच्या जुन्या स्मोक डिटेक्टरमध्ये 95 नंबरचं अमेरिशियम असतं, अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी, पण असतं. ते मला फार हवंय, आणि तुम्ही ते आणू नका. उघडूही नका. विमानतळावर तुम्ही कस्टमवाल्याला "संग्राहक काकांसाठी किरणोत्सारी भेट" हे कोणत्या भाषेत समजावणार. बदाम आणा.

प्रश्न: वहिनी काय म्हणतात ह्या सगळ्याला? (बऱ्याच वाचक, बहुतेक महिला)

एकदा बोहरी आळीत मी गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलचं, म्हणजे बत्तीत उजेड देणाऱ्या जाळीचं, पाकीट शोधत दीड तास फिरलो, कारण त्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, आणि थोरियम हा आपला माल, केरळच्या समुद्रावरच्या काळ्या वाळूतला. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसं थोरियमच्या उजेडात चालायची हे मला फार भारी वाटतं. दुकानदार म्हणाला काका आता कोण घेतंय, सगळे एलईडी. शेवटी एका माळ्यावर धुळीत एक पाकीट मिळालं, 20 रुपये. घरी येऊन मी हिला सांगितलं, हे निम्मं व्हायला 1400 कोटी वर्षं लागतात, म्हणजे विश्वाच्या वयापेक्षा जास्त. ती म्हणाली, मग आज धूळ पुसायची घाई नाही ना.

वीस रुपयांत विश्वाच्या वयाची वस्तू आणि बारा हजारांत बल्बची तार, ह्या हिशोबावर तिचं मत काय असेल ते तुम्हीच ओळखा.

प्रश्न: कपाट कधी तरी पूर्ण भरेल का? आणि नाही तर 118 खण केलेच कशाला? (इयत्ता नववी, कोल्हापूर)

नाही भरणार. बेटा, 85 नंबरला ॲस्टॅटिन आहे, पृथ्वीच्या सगळ्या कवचात एका वेळी मिळून 30 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे अडीच तोळे, एका बऱ्यापैकी मंगळसूत्राइतकं, सगळ्या जगात. ते गोळा केलंच तरी आठ तासांत निम्मं, आणि डोळ्याला दिसेल एवढा तुकडा केला तर स्वतःच्याच उष्णतेने वाफ होऊन जाईल. 87 नंबरचं फ्रान्सियम 22 मिनिटांत निम्मं, आमच्याकडे कुरियरवाला गल्लीत येऊन "लोकेशन पाठवा" म्हणतो तेवढ्यातच.

मोठ्यांचेही हाल काय वेगळे नसतात. 2009 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिजने बर्केलियम बनवलं, 97 नंबर, महिनोन्महिने खपून फक्त 22 मिलिग्रॅम, दहा-अकरा महिन्यांत निम्मं होणारं. ते रशियाला पाठवायचं होतं कारण तिथे त्याच्यावर कॅल्शियमचा मारा करून 117 नंबर बनवायचा होता. विमानाने मॉस्कोला गेलं, कस्टमने कागद अपुरे म्हणून परत पाठवलं. कागद नीट करून परत पाठवलं, परत नकार. असं करत त्या बर्केलियमने अटलांटिक महासागर पाच वेळा ओलांडला, आणि सगळा वेळ ते आतल्या आत कमी होत चाललेलं. पाचव्यांदा एकदाचं पोचलं, आणि त्यातून 117 नंबरचे किती अणू बनले, तर सहा. आता त्याला टेनेसीन म्हणतात. बँकेत केवायसीसाठी तिसऱ्यांदा झेरॉक्स मागितल्यावर चिडणारे लोक मी पाहिलेत, त्यांना मी ही गोष्ट सांगायचो, उपयोग शून्य.

118 खण केले कारण सुताराने विचारलं किती, आणि माझ्या तोंडून तेच निघालं. 85 मध्ये सध्या हिच्या सेफ्टी पिना असतात.

प्रश्न: रेडियम मिळालं का शेवटी? मागच्या लेखात शोधतोय म्हणाला होतात. (एक वाचक, कराड)

मिळालं की. खरं रेडियम म्हणाल तर 1921 मध्ये एका ग्रॅमला एक लाख डॉलर होते. मेरी क्युरीने शोधलेलं, पण तिच्याच प्रयोगशाळेला पुरेसं घ्यायची ऐपत नाही, म्हणून अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून तिला एक ग्रॅम घेऊन दिलं, राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने व्हाइट हाउसमध्ये समारंभ करून पेटीची सोन्याची किल्ली हातात ठेवली. पेटीत त्या दिवशी रेडियम नव्हतंच, ते आपलं सुरक्षित ठिकाणी. आणि बाईंनी आदल्या रात्री दानपत्र वाचून वकील बोलवायला लावला, म्हणाल्या माझ्या नावावर नको, प्रयोगशाळेच्या नावावर करा. त्या काळातली सगळ्यात महाग वस्तू फुकट मिळतेय आणि ही बाई नाव बदलून घेतेय, हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं पेपर खाली ठेवला होता.

माझं सांगतो. एसटी स्टँडसमोर एक दुकान आहे, पाटीच आहे, "येथे रेडियमचे काम केले जाते". गेलो. म्हटलं रेडियम पाहिजे. पोराने विचारलं कोणता कलर. त्यात रेडियमचा कणही नसतो हे मला माहितीये, नुसता चमकणारा स्टिकर, पण मी हिरवा सांगितला. त्याने मशीनवर 88 आकडा आणि त्याखाली आर-ए कापून दिलं, चाळीस रुपये. मग कडा नखाने दाबत म्हणाला, काका मागच्या काचेला लावायचंय ना, गाडी कुठे लावलीय?